‘एक कागदच तर आहे ना?’

इंटर्नशिप केलेली मुलं पहिल्या नोकरीत जास्त टिकतात, असं सगळेच सांगतात. पण इंटर्नशिप केली म्हणजे नेमकं काय केलं? हॉस्टेलच्या एका खोलीत राहिलेल्या तिघांची गोष्ट, आणि त्यातून शिकलेल्या चार गोष्टी.

मागच्या महिन्यात मावसबहिणीचा मेसेज आला. ‘दादा, तुझ्या ऑफिसमधून ओजेटीचं लेटर मिळेल का? १२० तास. यायला नाही जमणार, क्लास आहे. फक्त सही-शिक्का हवाय.’ पुढे हात जोडलेले तीन इमोजी.

ती एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत पर्चेस बघतो. आमच्याकडे लेटरहेड आहे, शिक्का आहे, आणि साहेबांना सांगितलं तर सहीही मिळाली असती. दोन मिनिटांचं काम. मी लगेच उत्तर दिलं नाही, तर संध्याकाळी मावशीचाच फोन. ‘अरे, एवढा काय विचार करतोस? एक कागदच तर आहे ना?’

मावशीला काय सांगणार! तसाच एक कागद माझ्याही फाइलमध्ये आहे. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, बी.ई.च्या मार्कशीटच्या मागे. त्या कागदाची किंमत माझ्या बाबांनी पतसंस्थेतली ठेव मोडून भरली होती.

खोली एक, मुलं तीन

आम्ही तिघं पुण्यात एका खोलीत राहायचो. मी मेकॅनिकलचा, एक जण कॉम्प्युटरचा, एक सिव्हिलचा. तिघंही २०१८ ला पास आउट झालो. तिघांनाही त्याच वर्षी नोकरी लागली. मेसवाल्या काकूंना आम्ही तिघांनी मिळून पेढ्यांचा एक बॉक्स दिला होता.

वर्षभरानंतर त्या तिघांपैकी एकच जण पहिल्या नोकरीत उरला होता. आणि गंमत अशी, की कागदावर बघितलं तर तिघांचीही इंटर्नशिप झालेली होती.

आधी माझं सांगतो. थर्ड इयरच्या सुट्टीत चार आठवड्यांचं इन-प्लांट ट्रेनिंग करायचं होतं. बाबांच्या ओळखीच्या एकांचं वर्कशॉप होतं. मी तिथे दोनदा गेलो. पहिल्यांदा चहा घ्यायला, दुसऱ्यांदा सर्टिफिकेट घ्यायला. रिपोर्ट सीनिअरचा होता, मी फक्त कंपनीचं नाव बदललं. उरलेल्या सुट्टीत मी गॅदरिंगची स्क्रिप्ट लिहिली आणि आयपीएल बघितली. सगळ्यांनीच असं केलं होतं, त्यामुळे त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही.

पुढे चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत जीईटी म्हणून लागलो. जीईटी म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी. इंटरव्ह्यूत ट्रेनिंगबद्दल विचारलं, तेव्हा पाठ केलेली चार वाक्यं म्हणून दाखवली. माझ्या डोक्यात इंजिनीअर म्हणजे एसीत बसून कॉम्प्युटरवर डिझाइन करणारा माणूस. मला मिळाली मशीन शॉप. तीन शिफ्ट. कूलंटचा वास, जो आंघोळ करूनही हाताला राहतो. माझ्या बाबांच्या वयाचे ऑपरेटर, ज्यांना मशीनच्या नुसत्या आवाजावरून टूल गेलं हे कळायचं. मला साधं बोअर गेजचं रीडिंग घ्यायला दोनदा विचारावं लागायचं. शिफ्ट संपताना किती पीस निघाले, किती रिजेक्ट झाले आणि का झाले, याचा हिशेब मला द्यायचा असायचा.

काम वाईट नव्हतं, हे आज कळतं. माझ्याबरोबर लागलेला एक डिप्लोमावाला मुलगा त्याच लाइनवर मजेत काम करायचा. त्याला पहिल्याच दिवसापासून माहीत होतं, की शॉप फ्लोअर असाच असतो. मला मात्र रोज सकाळी कोणीतरी फसवल्यासारखं वाटायचं. खरं तर कोणीच फसवलं नव्हतं. मी स्वतःच स्वतःला फसवलं होतं, तेही चार आठवड्यांच्या सर्टिफिकेटसकट.

सातव्या महिन्यात थर्ड शिफ्ट करून रूमवर आलो आणि राजीनामा टाइप केला. एक वर्षाचा ट्रेनिंग बाँड होता. ४० हजार भरायचे होते. हातात पगार यायचा १६ हजार. बाबा एक शब्द बोलले नाहीत, पतसंस्थेत जाऊन आले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ज्याचं सगळं बरोबर होतं, तोही गेला

दुसरा रूममेट आमच्यात सगळ्यात सिन्सिअर. त्यानं शेवटच्या सेमिस्टरला बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पूर्ण सहा महिने इंटर्नशिप केली. रोज जायचा. शेजारी बसणारा मेंटॉर होता. स्वतःचा छोटा प्रोजेक्ट होता, शेवटी मोठ्या साहेबांसमोर त्याचा डेमो झाला. टाळ्या, टी-शर्ट आणि पीपीओ. पीपीओ म्हणजे प्री-प्लेसमेंट ऑफर. इंटर्नशिप संपायच्या आत त्याच कंपनीनं दिलेली नोकरी. आम्ही सगळे त्याच्यावर जळायचो.

पाच महिन्यांत त्यानं ती नोकरी सोडली.

झालं असं, की जॉइन झाल्यावर त्याला वेगळी टीम मिळाली. प्रॉडक्शन सपोर्ट. म्हणजे क्लायंटकडे काही बिघडलं, की तिकीट येणार, रात्री दोनलाही फोन येणार. नवीन काही बनवायचं नाही, दुसऱ्यांनी बनवलेलं मोडलं की दुरुस्त करायचं. मेंटॉर दुसऱ्या मजल्यावर होता आणि त्याच्याकडे आता नवे इंटर्न होते. कंपनी तीच, कँटीन तेच, आयकार्डचा रंगही तोच. पण इंटर्न असताना तो पाहुणा होता. पाहुण्याला आपण हॉलमध्ये बसवतो, चांगल्या कपात चहा देतो. माळ्यावरचा पसारा घरच्या माणसालाच आवरावा लागतो.

माझ्यापेक्षा त्याला जास्त त्रास झाला. मला निदान काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, की आपल्याला सगळं माहीत आहे.

आणि जो रोज शिव्या घालायचा, तो टिकला

तिसरा सिव्हिलवाला. त्याच्या मामांनी त्याला उन्हाळ्यात दोन महिने सोलापूरकडच्या एका रस्त्याच्या साइटवर पाठवलं. एप्रिल आणि मे. सोलापूरचा मे महिना ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

तिथल्या कॉन्ट्रॅक्टरनं त्याला पाहुणा वगैरे काही मानलं नाही. सकाळी सहाला मुकादमाबरोबर हजेरी. किती डंपर आले, त्याच्या चिठ्ठ्या. काँक्रीटचे क्यूब भरायचे, त्यावर तारीख टाकायची, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी ते टेस्टला न्यायचे. पेमेंट लांबलं की मजुरांची तोंडं चुकवायची. पाण्याचा टँकर आला नाही तर ड्रायव्हरला फोन करायचा. रोज रात्री हा आम्हाला फोन करून शिव्या घालायचा. ‘सिव्हिल घेऊन चूक केली रे’ हे वाक्य त्या दोन महिन्यांत किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही.

कॅम्पसला त्याला साइट इंजिनीअरची नोकरी मिळाली, तेव्हा तो अजिबात खूश नव्हता. पण गेला. साइटवर पोचल्यावर त्याला एकाही गोष्टीचं आश्चर्य वाटलं नाही. ऊन माहीत होतं, धूळ माहीत होती, पेमेंट लांबणं माहीत होतं. उलट इथे राहायला पक्की खोली होती आणि जेवायला मेस होती, म्हणून तो म्हणाला, ‘त्यापेक्षा बरंय.’ तो अजून त्याच कंपनीत आहे. आता त्याच्या हाताखाली सहा इंजिनीअर आहेत, आणि त्यांच्यासमोर तो सोलापूरच्या उन्हाचे किस्से रंगवून सांगतो.

मग टिकवतं काय?

आमच्या तिघांच्या गोष्टीवरून नियम काढता येणार नाही, मान्य. पण या प्रश्नावर बराच अभ्यास झालाय.

अमेरिकेत १९७३ साली जॉन वानस या संशोधकानं टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांवर एक प्रयोग केला. काहींना नेहमीची, सगळं छान छान दाखवणारी फिल्म दाखवली. काहींना कामातला कंटाळा आणि वरिष्ठांची कडक नजर यांच्यासकट खरं चित्र दाखवणारी. खरं चित्र पाहिलेल्यांनी नोकरी नाकारली नाही. त्यांच्या अपेक्षा मात्र जमिनीवर राहिल्या, आणि टिकण्यात ते थोडे पुढे राहिले. पुढे असे पुष्कळ प्रयोग झाले. सगळे एकत्र करून पाहिल्यावर कळलं, की परिणाम आहे, पण छोटा आहे. जादू नाही. तरी दिशा तीच: माणूस अपेक्षाभंगानंही जातो.

इंटर्नशिप म्हणजे हीच फिल्म, फक्त आपण स्वतः तिच्यात काम करतो. म्हणूनच अमेरिकेत ‘नेस’ नावाची कॉलेजांची आणि कंपन्यांची जी संघटना आहे, तिच्या पाहण्यांमध्ये वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं. ज्या कंपनीत इंटर्नशिप केली तिथेच लागलेले तरुण एका वर्षानंतर सगळ्यात जास्त प्रमाणात तिथे सापडतात. ज्यांनी कुठेच इंटर्नशिप केलेली नाही, ते बरेच मागे असतात.

पण इथे एक गोम आहे, ती लक्षात घ्या. कंपनी पीपीओ कोणाला देते? जो तिथे रुळलाय त्याला. आणि ऑफर घेतो कोण? ज्याला ती जागा आवडलीय तो. म्हणजे न आवडणारे आधीच गळून गेलेले असतात. उरलेले टिकले, यात इंटर्नशिपनं त्यांना बदललं किती आणि नुसतं चाळून काढलं किती, हे वेगळं करणं अवघड. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना मार्क जास्त मिळतात, म्हणून सगळ्यांना पहिल्या बाकावर बसवलं तर सगळे पहिले येतील का? तसंच हे.

हा गुंता सोडवायचा एक प्रयत्न जर्मनीत झाला. तिथल्या विद्यापीठांमध्ये काही कोर्सना इंटर्नशिप सक्तीची होती, काहींना नव्हती, आणि मधल्या काळात हे नियम बदलत गेले. त्या बदलांचा उपयोग करून सॅनिटर आणि सीडलर या दोघांनी २०१४ मध्ये एक अभ्यास मांडला. इंटर्नशिप केलेल्यांचा पुढचा पगार सुमारे ६ टक्के जास्त निघाला. मुख्य कारण काय, तर पहिल्या पाच वर्षांत ते बेकार राहण्याची शक्यता कमी होती आणि पूर्णवेळ नोकरीत असण्याची जास्त. म्हणजे सक्तीनं करायला लावलेल्या इंटर्नशिपचाही फायदा होतो. अर्थात, ती खरोखर केली असेल तर!

सक्ती आली, कागदही आले

आपल्याकडे आता सक्ती आलेली आहेच. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी, हा अभ्यासक्रमाचाच भाग झाला. चार क्रेडिट, तीस तासांचं एक, म्हणजे १२० तास. इंजिनीअरिंगसाठी एआयसीटीईचं इंटर्नशिप धोरण तर त्याहून मोठं आहे, तिथे पूर्ण पदवीत मिळून ६०० ते ७०० तासांची अपेक्षा आहे.

कागदावर हे छानच. पण एका कॉलेजात तीनशे मुलं, गावात कंपन्या दहा-बारा. चिखलीच्या किंवा किनवटच्या कॉलेजातल्या मुलीनं १२० तास कुठे करायचे? मग कोणाच्या तरी काकांचं सीए ऑफिस, कोणाचं मेडिकल स्टोअर, आणि नाहीच काही तर ऑनलाइन पैसे भरून दोन दिवसांत येणारं सर्टिफिकेट. मुलांना नावं ठेवणं सोपं आहे. जागाच नसतील तर शिक्केच फिरणार.

सरकारनंही जागा तयार करायचा प्रयत्न केलाय. मोठ्या ५०० कंपन्यांमध्ये पाच वर्षांत एक कोटी तरुणांना इंटर्नशिप द्यायची, म्हणून २०२४ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली. तेव्हा मुदत १२ महिने होती, महिन्याला ५ हजार रुपये, सुरुवातीला एकदाच ६ हजार. पहिल्या फेरीत ८२ हजारांहून जास्त ऑफर गेल्या. स्वीकारल्या गेल्या सुमारे २८ हजार. बाकीच्यांनी का नाकारल्या, याची सरकारनं सांगितलेली कारणं बघा: ठिकाण लांब, कामाचं स्वरूप आणि मुदत मोठी. ज्यानं कधी शहरात खोली भाड्यानं घेतलीय, त्याला यात नवल वाटणार नाही. पुण्यात ५ हजारांत कॉट मिळते, मग जेवायचं काय?

महाराष्ट्रातही २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार. आधी सहा महिन्यांची होती, नंतर पाच महिने वाढवली. मुदत संपत आल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून प्रशिक्षणार्थींनी आंदोलनंही केली. त्यांचं दुःख खरं आहे. पण त्यातून एक गोष्ट आपण सगळ्यांनी शिकायला हवी. इंटर्नशिप किंवा ट्रेनिंगला जाताना, यापुढे नोकरी आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारायचं. आशेवर अकरा महिने काढायचे नाहीत.

पण टिकायलाच हवं का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. आमच्या आधीच्या पिढीत माणूस एका कंपनीत लागला की तिथूनच रिटायर व्हायचा. आता दीड-दोन वर्षांत उडी मारली की पगार वाढतो, हे प्रत्येक ग्रुपवर कोणीतरी सांगत असतंच. मग पहिल्या नोकरीत टिकण्याचं एवढं काय कौतुक?

कौतुक नाहीच. दोन वर्षं काम शिकून, पुढची नोकरी हातात घेऊन सोडणं, याला मी सोडणं म्हणतच नाही. ते पुढे जाणं झालं. मी बोलतोय ते पहिल्या सहा-आठ महिन्यांत, पुढचं काही ठरलेलं नसताना, धडपडत बाहेर पडण्याबद्दल. त्याची किंमत मोठी असते. रूमचं डिपॉझिट अडकतं. अनुभवाच्या रकान्यात ‘सात महिने’ लिहिलं की प्रत्येक इंटरव्ह्यूत आधी त्याचाच खुलासा द्यावा लागतो. गावाकडे ‘पोरगं टिकलं नाही’ हे दोन दिवसांत पसरतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आपल्यालाच वाटायला लागतं की आपल्यात काहीतरी कमी आहे.

त्यात बाँड. ‘बाँडला कोर्टात काही अर्थ नसतो’ असं हॉस्टेलवर छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. त्यांच्या माहितीसाठी: मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर २ लाख रुपये भरायची अट योग्य ठरवली. प्रत्येक बाँड असाच वैध ठरेल असं नाही, रक्कम आणि परिस्थिती बघितली जाते. पण ऑफर लेटर हातात आलं की आनंदात सही ठोकण्याआधी बाँडचं कलम दोनदा वाचा. मी एकदाही वाचलं नव्हतं.

आणि हो, इंटर्नशिप करून ‘हे काम आपलं नाही’ असं कळलं, तर ती वाया गेली असं समजू नका. तीच सगळ्यात स्वस्तात सुटलेली माणसं. पंधरा दिवसांत कळलं तर पंधरा दिवसच गेले. मला तेच कळायला सात महिने आणि ४० हजार लागले.

इंटर्नशिपला जाताय? एवढं करा

कंपनीनं दाखवलेली फिल्म न बघता, खरी फिल्म कशी बघायची? आम्हा तिघांच्या चुका आणि शहाणपण एकत्र करून काही गोष्टी सांगतो.

*एक वर्ष जुन्या माणसाबरोबर जेवा.* मेंटॉर किंवा मॅनेजर छानच बोलणार. मागच्या वर्षी जो फ्रेशर म्हणून लागलाय, त्याला गाठा. त्याचा कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा गेला, एवढंच विचारा. तुमचं पुढचं वर्ष त्याच्या उत्तरात आहे.

*कोण कोण सोडून गेलं, ते विचारा.* मागच्या बॅचचे किती जण अजून आहेत? जे गेले ते कुठे गेले? हे एचआरला विचारायची गरज नाही, चहाच्या टपरीवर सगळं कळतं.

*कंटाळवाणं काम मागून घ्या.* माझ्या बाणेरवाल्या मित्राची चूक हीच झाली. त्याला फक्त प्रोजेक्ट मिळाला. एक आठवडा तरी ‘मला रोजचं काम द्या’ असं म्हणा. तिकिटं, एंट्री, स्टॉक मोजणं, फोन उचलणं, जे काही असेल ते. ते सहन झालं तर बाकीचं होईलच.

*पीपीओ मिळाली तर टीम विचारा.* कोणत्या टीममध्ये, कोणाच्या हाताखाली, कोणत्या शहरात, कोणत्या शिफ्टला. शक्य असेल तर उत्तर मेलवर घ्या. ‘जॉइन झाल्यावर बघू’ हे उत्तर आलं तर टीम बदलू शकते असंच धरून चाला, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही.

*पॅकेज नाही, हातात किती ते विचारा.* साडेतीन लाखांच्या पॅकेजमधून पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल वजा झाल्यावर महिन्याला किती येणार, त्यातून खोली, मेस आणि प्रवास जाऊन काय उरणार, हे एका कागदावर मांडा. बरेच जण काम आवडत नाही म्हणून नाही, महिनाअखेरीस पैसे पुरत नाहीत म्हणून परत येतात.

*रोज चार ओळी लिहा.* आज काय केलं, काय कळलं नाही, कशाचा वैताग आला. इंटर्नशिप संपल्यावर सगळं एकत्र वाचा. वैताग माणसांचा होता की कामाचा, हे तेव्हा कळतं. माणसं बदलता येतात. काम आवडत नसेल तर लाइन बदलायचा विचार करावा लागतो.

आणि गावात कंपनीच नसेल तर? मोठं नाव शोधत बसू नका. बाजार समितीतला अडत्या, जिल्हा सहकारी बँकेची शाखा, पतसंस्था, दूध संघ, तालुक्याचा टॅक्स कन्सल्टंट, ग्रामपंचायत. पैशांचा, मालाचा किंवा माणसांचा हिशेब जिथे रोज होतो, तिथे शिकायला भरपूर असतं. फक्त खरं काम द्या म्हणावं लागतं. खुर्चीवर बसवून ठेवलं तर उठून मागावं लागतं.

त्या लेटरचं काय झालं?

मावशीला मी सांगितलं, ‘लेटर देतो. पण तिला पाठव.’ मावशी दोन दिवस बोलली नाही. बहिणीनं तर ग्रुपवर माझं नाव ‘हेडमास्तर’ ठेवलं. शेवटी क्लास संध्याकाळचा करून घेतला आणि आली. १२० तास, रोजचे आठ, म्हणजे पंधरा दिवस.

तिला मी एसीत बसवलं नाही, कारण आमच्याकडे एसी साहेबांच्याच केबिनमध्ये आहे. पहिले तीन दिवस स्टोअरमध्ये माल उतरवून घेताना उभी केली. पीओमध्ये किती, चलनावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे बघून जीआरएन करायचा. चौथ्या दिवसापासून अकाउंट्समध्ये. खरेदीचं रजिस्टर टॅलीतून काढायचं आणि जीएसटीच्या टू-बीशी एकेक बिल जुळवायचं. एक सप्लायर असा आहे, जो दर महिन्याला बिल नंबर चुकीचा टाकतो. त्याच्या नावानं तिनं जे शब्द वापरले, ते इथे छापता येणार नाहीत. पाचव्या दिवशी ती म्हणाली, ‘दादा, हेच असतं का रोज? एम.कॉम. करून हेच करायचं?’

मी म्हटलं, ‘साधारण हेच. पहिली दोन-तीन वर्षं तरी.’

ती गप्प झाली. मला वाटलं, उद्यापासून येत नाही. मी उगाच तिचा हिरमोड केला का, असंही रात्री वाटून गेलं. चाकणला असताना मला हे कोणी आधी सांगितलं असतं, तर मी थांबलो असतो की गेलोच नसतो, हे मला आजही सांगता येत नाही. पण बाबांची ठेव तरी वाचली असती.

दुसऱ्या दिवशी ती आली. आज तिचा नववा दिवस. सकाळी स्टोअरमधून तिचा फोन आला: एका सप्लायरच्या बिलात माल दोनदा धरलाय, पण जीआरएन एकच आहे, पेमेंट थांबवू का? मी जाऊन बघितलं. तिचं बरोबर होतं. १८ हजारांचं बिल होतं.

अकाउंट्समध्येच पुढे जायचं की नाही, हे तिचं अजून ठरलेलं नाही. ठरवायची घाईही नाही, अजून सहा दिवस बाकी आहेत. लेटर टाइप करून ठेवलंय. सही पंधराव्या दिवशी.